विश्लेषण : नाभीत, डोळ्यांत, केसांना... एरंडेल तेल खरेच सर्व रोगांवर गुणकारी आहे का?

बी विषारी, तेल औषधी आणि उरलेली पेंड पुन्हा विषारी. घरातल्या या जुन्या तेलाचा कोणता उपयोग विज्ञानाला मान्य आहे, कोणता केवळ रील्समधला आहे आणि धोका नेमका कुठे आहे?

रात्री झोपताना नाभीत दोन थेंब टाका, सांधेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळे थांबेल. डोळ्यांत एक थेंब टाका, मोतीबिंदू विरघळेल. पोटावर तेलाची पट्टी बांधा, यकृत ‘डिटॉक्स’ होईल. रील्स आणि व्हॉट्सॲपवरील अशा दाव्यांमुळे एरंडेल तेलाला नवे दिवस आले आहेत. पूर्वी आजीच्या फडताळात कोपऱ्यात असलेली बाटली आता ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘हेक्सेन फ्री’ अशा लेबलांसह ऑनलाइन विकली जाते.

दुसरीकडे, ज्या एरंडाच्या बीपासून हे तेल निघते, त्याच बीमध्ये ‘रिसिन’ हे अत्यंत जहाल विष असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरात दहशतवादविरोधी पथकाने रिसिन तयार करण्याच्या कटाच्या आरोपावरून अटकेची कारवाई केली, तेव्हा हे नाव पुन्हा बातम्यांत आले. मग घरात ठेवलेले एरंडेल कितपत सुरक्षित?

बी विषारी, मग तेल कसे चालते?

एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस कम्युनिस’. त्याच्या बीमध्ये वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के तेल असते. रिसिन हे विष मात्र तेल नाही, प्रथिन आहे. ते पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. त्यामुळे बी दाबून तेल काढले की विष तेलासोबत न जाता मागे राहिलेल्या पेंडीत उरते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अंडे उकडल्यावर त्याचा पांढरा बलक जसा घट्ट होतो, तसेच उष्णतेने रिसिनच्या रेणूची रचना मोडते आणि ते निष्क्रिय होते. कारखान्यात तेल गाळून, शुद्ध करून, वाफेची प्रक्रिया केल्यावर उरलासुरला अंशही निकामी होतो. गावाकडे बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढून घेण्याची पद्धत होती. त्या उकळण्यामागेही हाच फायदा होता. म्हणूनच प्रक्रिया केलेल्या तेलात रिसिनची भीती नाही. भीती आहे ती बी चावण्याची आणि घरच्या घरी कच्च्या बिया वाटून ‘शुद्ध’ तेल काढण्याच्या प्रयोगांची. अशा तेलात बीचे कण राहू शकतात.

रिसिन इतके घातक का?

हर्मन स्टिलमार्क या संशोधकाने १८८८ मध्ये आजच्या एस्टोनियातील टार्टू (तेव्हाचे डोरपाट) येथे हे विष वेगळे करून त्याला ‘रिसिन’ हे नाव दिले. त्याच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीला चिकटून आत शिरण्याची वाट करून देतो. दुसरा भाग आत जाऊन पेशीतील प्रथिने बनवणारे कारखाने, म्हणजे रायबोसोम, बंद पाडतो. प्रथिने बनणे थांबले की पेशी मरते. एकच रेणू एकामागून एक अनेक रायबोसोम निकामी करत जातो, त्यामुळे अगदी थोडे विषही पुरते.

बल्गेरियाच्या राजवटीवर टीका करणारे लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या पायात सप्टेंबर १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू ब्रिजजवळ एक बारीक गोळी घुसवण्यात आली. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. गोळीत रिसिन असल्याचा निष्कर्ष तपासातून पुढे आला. छत्रीतून झालेली हत्या म्हणून हे प्रकरण जगभर गाजले. आंतरराष्ट्रीय रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक कडक, यादीत रिसिनचा समावेश आहे. त्यावर आजही खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. रुग्णाला सलाइन, क्षारांचे संतुलन आणि आधारभूत उपचार यांवरच भर द्यावा लागतो.

मुलाने एरंडाची बी खाल्ली तर?

बीचे कवच कठीण असते. अख्खी बी गिळली गेली तर ती तशीच बाहेर पडण्याची शक्यता असते. चावली गेली तर मात्र विष मोकळे होते. काही तासांत उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. जुलाबात रक्तही पडू शकते. शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि गंभीर रुग्णांत यकृत, मूत्रपिंडावर परिणाम होतो. ‘किती बिया धोकादायक’ याचा ठरलेला आकडा नाही. बीचा आकार, ती किती चावली गेली आणि मुलाचे वजन यावर ते अवलंबून असते.

त्यामुळे लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. उरलेली बी किंवा फळ सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटवणे सोपे जाते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही आहे.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ होतो. चंद्रज्योत ऊर्फ मोगली एरंड हे झुडूप एरंडाच्याच कुळातले, पण वेगळे आहे. शेताच्या बांधावर, शाळेच्या कुंपणाला ते सर्रास दिसते. त्याची बी शेंगदाण्यासारखी गोडसर लागते, म्हणून मुले ती खातात. शाळकरी मुलांना चंद्रज्योतीच्या बियांमुळे विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतच असतात. होळीत मधोमध एरंड उभा करण्याची प्रथा अनेक गावांत आहे. फांदी तोडून आणायला मुलेच पुढे असतात. त्यांना या दोन्ही झाडांच्या बिया दाखवून सावध करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एरंडेलाने पोट साफ होते ते कसे?

‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’ हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. या तेलाचा सर्वांत जुना आणि विज्ञानाला मान्य असलेला उपयोग रेचक म्हणूनच आहे. प्राचीन इजिप्तमधील वैद्यकीय लेखनात एरंडाचा उल्लेख आहे. आयुर्वेदात ते विरेचनासाठी वापरले जाते.

तेलातील सुमारे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल ‘रिसिनोलेइक आम्ल’ या एकाच प्रकारचे असते. इतर कोणत्याही सामान्य तेलात ते इतक्या प्रमाणात नसते. नावात साम्य असले तरी रिसिनशी त्याचा संबंध नाही. तेल लहान आतड्यात पचताना हे आम्ल सुटे होते. ते नेमके करते काय, याचे उत्तर २०१२ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी दिले. आतड्याच्या स्नायूंवरील ‘ईपी-३’ नावाच्या ग्राहीला ते चिकटते आणि स्नायू जोरात आकुंचन पावू लागतात. ज्या उंदरांमध्ये ही ग्राही काढून टाकली होती, त्यांच्यावर एरंडेलाचा परिणामच झाला नाही. म्हणजे एरंडेल आतडे फक्त ‘बुळबुळीत’ करत नाही, ते आतड्याला कामाला लावते. परिणाम साधारण दोन ते सहा तासांत दिसतो. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी ते घेणे सोयीचेही नसते.

मग बद्धकोष्ठतेवर रोज घ्यायला काय हरकत?

हरकत आहे, आणि ती प्रमाणात दडलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) एरंडेलाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे रेचक म्हणून मान्यता दिली आहे. प्रौढांसाठी मात्रा १५ ते ६० मिलिलिटर अशी आहे. पण कोणतेही रेचक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आठवडाभरापेक्षा अधिक काळ घेऊ नये, असा इशाराही सोबत आहे.

आता अन्नातील वापराकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नपदार्थांतून पोटात जाणाऱ्या एरंडेलाची रोजची स्वीकारार्ह मर्यादा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती होते ४२ मिलिग्रॅम. रेचकाची सर्वांत लहान मात्रा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, भरते साधारण १४ ग्रॅम. म्हणजे अन्नातील मर्यादेच्या तीनशे पटींहून अधिक! एरंडेल हे औषध आहे, खाद्यतेल नाही, हे या एका हिशेबातून कळते. औषध एखाद्या वेळी घ्यायचे असते, रोज नाही.

वारंवार घेतल्यास शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयरोगासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हे विशेष धोक्याचे आहे. अतिमात्रेने काय होते याचा क्रूर पुरावा इतिहासात आहे. इटलीत मुसोलिनीच्या ‘काळ्या डगलेवाल्यां’नी १९२० च्या दशकात विरोधकांना बळजबरीने एरंडेल पाजण्याचा छळप्रकार वापरला होता.

कोणी अजिबात घेऊ नये?

सर्वांत महत्त्वाचा इशारा पोटदुखीचा. पोट दुखतेय म्हणजे ‘साफ झाले नसेल’ असे समजून एरंडेल पाजण्याची सवय अनेक घरांत आहे. दुखण्याचे कारण अपेंडिक्सची सूज किंवा आतड्यातील अडथळा असेल, तर जोरदार आकुंचनामुळे परिस्थिती बिघडू शकते. आतडे किंवा अपेंडिक्स फुटणे ही जिवावर बेतणारी स्थिती असते. त्यामुळे कारण न कळलेली पोटदुखी, उलट्या किंवा ताप असताना एरंडेल देऊ नये. आतड्याला सूज आणणारे जुने आजार असलेल्यांनीही ते टाळावे.

गरोदर महिलांनी ते स्वतःहून घेऊ नये. ज्या ग्राहीमुळे आतडे आकुंचन पावते, ती गर्भाशयाच्या स्नायूंवरही असते. म्हणूनच दिवस भरल्यावर कळा सुरू होण्यासाठी एरंडेल पाजण्याची पद्धत अनेक देशांत होती. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या २०१३ च्या अहवालात या विषयावरील चाचण्या संख्येने कमी आणि लहान असल्याचे नमूद आहे. खात्रीने दिसली ती एकच गोष्ट, एरंडेल घेतलेल्या सर्व महिलांना मळमळ झाली. दिवस भरण्यापूर्वी घेतल्यास अवेळी कळांचा धोका संभवतो.

तान्ह्या बाळाला चाटवण्याची प्रथा?

बाळाचे पोट साफ राहावे म्हणून बोटावर एरंडेल घेऊन चाटवणे, नाकात-कानात तेल सोडणे, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ घालणे, हे सगळे मायेपोटी केले जाते. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, अगदी पाणीही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. स्तनपान घेणाऱ्या बाळाने काही दिवस शी न करणे अनेकदा सामान्य असते.

खरा धोका वेगळाच आहे. नाकात सोडलेले किंवा रडत्या बाळाला बळजबरीने पाजलेले तेल श्वासनलिकेत उतरू शकते. फुप्फुसात तेल गेल्याने होणाऱ्या न्यूमोनियाच्या नोंदी भारतातील बालरोग विभागांत आहेत. हा न्यूमोनिया जंतूंमुळे नसल्याने साध्या प्रतिजैविकांनी आटोक्यात येत नाही. बाळाच्या अंगाला हलक्या हाताने तेल लावणे वेगळे आणि ते नाका-तोंडात जाणे वेगळे.

नाभी, डोळे, यकृत... दाव्यांत तथ्य किती?

‘नाभीत ७२ हजार नसा असतात, तेथून तेल सर्व शरीरात जाते’ हा दावा फॉरवर्डमधून फिरतो. प्रत्यक्षात जन्मानंतर नाळेतील रक्तवाहिन्या बंद होऊन त्यांचे तंतूंसारखे बंध बनतात. नाभीतून तेल शोषून सांध्यांपर्यंत किंवा केसांपर्यंत पोहोचवणारी कोणतीही ग्रंथी तेथे नाही. नाभीची कोरडी त्वचा मऊ होईल, इतकेच.

मोतीबिंदूचा दावा अधिक घातक आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आत असलेल्या भिंगातील प्रथिने गढूळ होणे. बाहेरून टाकलेला तेलाचा थेंब ते पुन्हा पारदर्शक करू शकत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. घोळ होण्याचे कारण असे, की कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही औषधी थेंबांत एरंडेल खरोखरच असते. पण ते निर्जंतुक, ठरावीक प्रमाणात आणि डोळ्यांसाठीच बनवलेले असते. केसांना लावायची बाटली डोळ्यात रिकामी करणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. यात वेळ गेला तर काचबिंदूसारखा आजार मध्येच नजर हिरावून नेऊ शकतो.

पोटावरील एरंडेलाच्या पट्टीवर थोडा अभ्यास झाला आहे. तुर्कस्तानात २०११ मध्ये बद्धकोष्ठतेचा त्रास असलेल्या वृद्धांवर केलेल्या लहान अभ्यासात शौचाला जोर कमी करावा लागल्याचे दिसले, पण शौचाची वारंवारिता वाढली नाही. यकृत ‘डिटॉक्स’ होते याला आधार नाही. ते काम यकृत स्वतःच करत असते.

केस वाढतात का?

एरंडेल दाट आणि चिकट असते. ते केसांवर थर धरते, त्यामुळे केस जाड, चमकदार दिसतात. टाळूचा कोरडेपणाही कमी होऊ शकतो. मात्र केस नव्याने उगवतात किंवा टक्कल भरून येते, असे सिद्ध करणारा ठोस वैद्यकीय पुरावा नाही. केसगळतीमागे रक्तक्षय, थायरॉइड, आनुवंशिकता अशी कारणे असू शकतात आणि ती तेलाने जात नाहीत.

उलट या चिकटपणाचा फटकाही बसू शकतो. २०१७ मध्ये भारतातील डॉक्टरांनी एका २० वर्षीय तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. खोबरेल आणि एरंडेल लावून केस धुतल्यावर ते एकमेकांत अडकून पक्ष्याच्या घरट्यासारखा कडक गोळा झाला. तो सुटलाच नाही, अखेर केस कापावे लागले. असे क्वचित घडते. पण लांब केसांना एरंडेल नुसते चोपडण्यापेक्षा पातळ तेलात थोडे मिसळून लावणे आणि गुंता काढूनच केस धुणे बरे. काहींना त्वचेवर ॲलर्जीही येते, म्हणून आधी कोपराच्या आत थोडे लावून पाहावे.

आयुर्वेदात तर ते सांगितले आहे...

सांगितले आहे, पण ‘सगळ्यांना, रोज’ असे नाही. एरंडाला संस्कृतात ‘गंधर्वहस्त’ असेही नाव आहे. एरंडेलात भाजलेल्या हिरड्याचे गंधर्वहरीतकी चूर्ण, सिंहनाद गुग्गुळ अशा कल्पांत ते वापरले जाते. आमवातात वैद्य ते देतात. मात्र रुग्णाची प्रकृती, कोठा, वय, ऋतू पाहून मात्रा ठरवणे हा त्या शास्त्राचाच नियम आहे. रील पाहून मात्रा ठरवणे त्यात बसत नाही.

न कळत आपण एरंडेल कुठे कुठे वापरतो?

चॉकलेटच्या वेष्टनावर ‘इमल्सिफायर ४७६’ असे लिहिलेले अनेकदा दिसते. तो एरंडेलापासूनच बनतो. वितळलेले चॉकलेट साच्यात सहज पसरावे म्हणून अगदी कमी प्रमाणात तो घालतात आणि त्या प्रमाणात तो सुरक्षित मानला जातो. लिपस्टिक, साबण, मलमे यांतही एरंडेल असते. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात विरघळत नाही. ते शिरेतून देता यावे म्हणून एरंडेलापासून बनवलेला द्रावक वापरतात. या द्रावकामुळे तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून औषधापूर्वी रुग्णाला स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक इंजेक्शन दिले जाते.

उद्योगात तर या तेलाला तोड नाही. रिसिनोलेइक आम्लात असलेल्या जादा हायड्रॉक्सिल गटामुळे त्यावर वेगवेगळ्या रासायनिक प्रक्रिया करता येतात. वाहनांतील इंधननळ्यांसाठी वापरले जाणारे ‘नायलॉन-११’, वंगणाचे ग्रीस, पॉलियुरेथेन, रंग, कापड रंगवण्याचे ‘टर्की रेड ऑइल’ या सगळ्यांचा कच्चा माल एरंड आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच होते, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. मराठीत ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणजे निष्फळ चऱ्हाट. पण रसायन उद्योगात हे गुऱ्हाळ चांगलेच फळले आहे.

भारताचे, महाराष्ट्राचे स्थान काय?

एरंडीच्या उत्पादनात आणि एरंडेलाच्या निर्यातीत भारत जगात पहिला आहे. जागतिक व्यापारातील ८५ ते ९० टक्के वाटा भारताचा मानला जातो. देशातील बहुतांश पीक एकट्या गुजरातेत, विशेषतः बनासकांठा, पाटण, मेहसाणा, कच्छ भागात येते. त्यानंतर राजस्थानचा क्रमांक लागतो.

महाराष्ट्रात मुख्य पीक म्हणून लागवड कमी. पण कापूस, सोयाबीनच्या कडेने एरंडाची ओळ लावायला कृषी तज्ज्ञ सांगतात. पाने खाणाऱ्या अळीला एरंडाचे रुंद पान अधिक आवडते. तिचा पतंग तेथे अंडी घालतो आणि शेतकऱ्याला ती पाने खुडून नष्ट करता येतात. यालाच ‘सापळा पीक’ म्हणतात. घरांमध्ये तूरडाळ, गहू यांना एरंडेल चोळून साठवण्याची रीतही शास्त्रशुद्ध आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसल्याने भुंगे, किडे अंडी घालू शकत नाहीत. शिजवण्यापूर्वी डाळ, दळण्यापूर्वी गहू धुऊन किंवा पुसून घेतला की झाले.

बागेसाठी मिळणाऱ्या एरंडी पेंडीबाबत मात्र सावध राहावे. ती उत्तम नत्रयुक्त खत आहे, पण प्रक्रिया न केलेल्या पेंडीत रिसिन असते. पेंडीच्या वासाने कुत्री आकर्षित होतात आणि ती खाऊन दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. पेंड मातीत नीट मिसळावी, हाताळताना मास्क आणि हातमोजे घालावेत, पोते मुले आणि जनावरांपासून दूर ठेवावे. तिच्या धुळीने दमा, ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो.

बाटली घेताना काय पाहावे?

पोटात घ्यायचे असेल तर लेबलवर ‘आय. पी.’, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या निकषांनुसार, असा उल्लेख आणि मात्रा लिहिलेली हवी. ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असे लिहिलेले तेल पिऊ नये, मग ते कितीही महाग असो. दिव्यासाठी, धान्यासाठी किंवा यंत्रासाठी सुट्या स्वरूपात मिळणारे तेल औषध म्हणून वापरू नये. ‘कोल्ड प्रेस्ड’ हा शब्द तेल काढण्याची पद्धत सांगतो, औषधी शुद्धता नव्हे. तेलाला खवट वास येत असेल तर ते टाकून द्यावे.

थोडक्यात, टाच भेगाळली, केस रुक्ष झाले, डाळ साठवायची आहे, तर एरंडेल खुशाल वापरा. एखाद्या वेळी पोट साफ करण्यासाठी डॉक्टर किंवा वैद्याला विचारून, मोजून घ्या. डोळ्यांत, तान्ह्या बाळाच्या तोंडात, गरोदरपणात आणि कारण न कळलेल्या पोटदुखीत मात्र बाटलीचे झाकण बंदच ठेवा.